फिरंगेला नवी मूठ बसवावी की नुसतं पातंच जपावं?

कृष्णाकाठ
आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक फिरंग आहे, युरोपी पात्याची जुनी तलवार. म्हणजे आता नुसतं पातं उरलंय. सरळ, लांब, दोन्ही अंगांना तीन-तीन नळ, म्हणजे लांबीनं कोरलेल्या पन्हळी. मूठ कधी गेली कुणाला सांगता येत नाही, आजोबांच्या लहानपणीही ती नव्हती. दर खंडेनवमीला वडील पातं माळ्यावरून काढतात, मुठीच्या जागी लाल फडकं गुंडाळतात, पाटावर ठेवून हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. गेल्या वर्षी पूजेनंतर उचलताना फडकं सरकलं आणि चुलतभावाचा तळहात कापला. चार टाके पडले.

माझं मत आहे की आता मूठ बसवावीच. तलवार ही हातात धरायची वस्तू. धरताच येत नसेल तर आपण तिचा मान ठेवतोय असं मला वाटत नाही. जुन्या बाजारात एक बरी जुनी मूठ बघून ठेवली आहे. तुम्हाला काय वाटतं?

दप्तरखाना
माझा ठाम विरोध. पण आधी एक सांगा, मुठीकडच्या बाजूला पात्याला भोकं आहेत का?

कृष्णाकाठ
आहेत. चार. वीतभर अंतरात.

दप्तरखाना
मग तुमच्या पात्यानं हरवलेल्या मुठीचा पत्ता दिलाय. नेहमीच्या तलवारीची मूठ सबंध पोलादी असते, पात्याची आखूड शेपटी तिच्यात लाखेनं बसवतात, पात्याला भोकं पाडायची गरज पडत नाही. फिरंगेचं पातं लांब आणि लवचिक. त्याला आधार म्हणून मुठीतून निघालेल्या पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांना रिबिटांनी ठोकत. म्हणजे तुमच्याकडे बहुतेक मुल्हेरी घाटाची मूठ होती: पंजा झाकणारी परज, आत गादी, आणि मुठीच्या टोकाच्या वाटीतून मागे निघणारा गज, जो दुसऱ्या हातानं धरून वार करता येई.

आता बाजारातली मूठ आणलीत तर तिच्या पट्ट्यांची भोकं तुमच्या भोकांशी जुळणार नाहीत. कारागीर काय करेल? ड्रिल लावेल. शेपटी आत जात नसेल तर ग्राइंडरवर धरेल. अर्ध्या तासात दोनतीनशे वर्षांचा पुरावा भुगा होऊन खाली पडेल. आणि ती बाजारातली मूठ कुठून आली? कुणाच्या तरी तलवारीची उपटूनच ना? एक लंगडी तलवार उभी करायला दुसरी लंगडी करायची, हे मला पटत नाही.

ऐरण
दप्तरखाना, भोकांचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण त्यावरून मूठच नको हे कसं? आमच्या घरात हे काम होतं. लाख, राळ आणि विटेची बारीक पूड एकत्र वितळवून मुठीच्या पोकळीत भरायची, शेपटी सरळ रेषेत बसवायची, थंड होऊ द्यायची. पुन्हा काढायची असेल तर मूठ हळूहळू तापवायची, पातं आपसूक सुटतं. पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल एवढी उष्णता लागतच नाही. बिघडतं ते वेल्डिंगनं आणि हल्लीच्या दोन नळ्यांच्या डिंकानं. ते कुणी सुचवलं तर तिथून उठून या.

आणि फिरंग म्हणजे तरी काय? पातं युरोपातलं, मूठ इथली. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तीही फिरंगच. युरोपी पातं, त्यावर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत नाव, इथल्या घाटाची मूठ. त्या काळी कुणी म्हणालं असतं की परदेशी पात्याला हात लावू नका, तर फिरंग नावाचं हत्यारच झालं नसतं.

दप्तरखाना
त्यांना ती घेऊन मोहिमेवर जायचं होतं, ऐरण. आपल्याला पाटावर ठेवायची आहे. त्यांनी बसवलेली मूठ हाच आज इतिहास आहे. आपण बसवलेली मूठ पन्नास वर्षांनी कुणीतरी अस्सल म्हणून विकेल, घेणारा फसेल.

पायवाट
सांबरशिंगाच्या दोन फाका लावा. दिसायला सुरेख, धरायला घट्ट.

ऐरण
कृपा करून नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, सांबराचं शिंग काय, हस्तिदंत काय, बाळगणाऱ्याच्या गळ्याशी येतं. शिवाय या घाटाच्या मुठीला ते कधी नव्हतंच.

माहेरवाशीण
मला दोन्हीकडचं पटतं, तरी एका गोष्टीचा राग येतो. सगळे पात्याबद्दल बोलताय, कापलेल्या हाताबद्दल कुणीच नाही. ज्या घरात पोरंबाळं पूजेला वाकतात तिथं उघडी शेपटी फडक्यात ठेवणं बरोबर नाही. माझ्या माहेरी अशाच पात्याला आम्ही लाकडाची दोन अर्धुकं करून घेतली. चांगलं वाळलेलं लाकूड, शेपटीच्या मापानं आतून कोरलेलं, मध्ये सुती कापड, वरून सुती दोरी. ठोकणं नाही, चिकटवणं नाही, भोक नाही. आतल्या बाजूला केल्याचं साल कोरलंय, म्हणजे उद्या कुणी जुनी म्हणणार नाही. दसरा झाला की काढून ठेवतो, कारण लाकूड दमट हवेत पाणी धरतं आणि तिथंच गंज चढतो.

आणि दादा, पूजेआधी चिंच-रांगोळीनं घासत असाल तर ते आजच थांबवा. चकाकी येते, पण पात्यावर कारखान्याची एखादी खूण असेल तर ती दरवर्षी थोडी थोडी पुसली जाते. मऊ कापड, हलकं तेल, बस्स.

ऐरण
ताईंचा उपाय यंदापुरता चांगला. पण मी माझं मत सोडत नाही. भोकांची मापं घेऊन, त्यांना जुळणाऱ्या पट्ट्यांची मुल्हेरी मूठ नव्यानं घडवावी. जुनी विकत घेऊ नये, नवी घडवावी. ती कला अजून हातात असलेले लोक आहेत, त्यांना काम दिलं नाही तर तीही त्या मुठीच्या वाटेनं जाईल.

दप्तरखाना
नव्यानं घडवणार, पात्याला धक्का लावणार नाही, आणि साल कोरणार, तर माझा विरोध निम्मा उरतो. उरलेला निम्मा राहू द्या. शेपटीवर जुनी लाख शिल्लक असेल तर ती मात्र खरवडू नका.

कृष्णाकाठ
आत्ता फडकं सोडून बघितलं. शेपटीच्या एका अंगाला नखाएवढी काळपट खपली आहे, वर बारीक लाल कण. मी इतकी वर्षं तो गंज समजत होतो. ऐरण, ही विटेची पूडच असणार ना?

बाजारातल्या मुठीला नाही कळवलंय. वडील म्हणाले, यंदा लाकडाची करू. भोकांची अंतरं कागदावर छापून घेतली आहेत, उद्या इथे टाकतो.