मदत हवी आहे : शाळेतल्या लेथचा स्टार्टर आणि चक गार्ड

नमस्कार मंडळी. मी नाशिकला एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांना वर्कशॉप शिकवतो. सातपूरच्या एका कारखान्याकडून आम्हाला साडेचार फुटी जुना लेथ (धातूचा रॉड फिरवत कापून आकार देणारं मशीन) मिळालाय. मशीन दणकट, पण चालू-बंद करायला साधा खटका! परवा लाइट गेली, खटका तसाच चालू राहिला आणि वीस मिनिटांनी लाइट येताच चक (रॉड पकडून फिरवणारा भाग) आपोआप गरगरायला लागला. चक आवळायची चावी त्यातच होती. ती उडून भिंतीवर आदळली, प्लास्टरचा टवका निघालाय. मुलं डबा खायला गेली होती म्हणून वाचलो. चूक माझीच.

आता स्प्रिंगवाली चावी करून घेतलीय, हात सोडला की बाहेर पडते. हातमोजे, घड्याळ, मनगटातले गंडेदोरे बंद (त्यावरून एका आजींनी मला चांगलंच सुनावलं). लांब बर (कापताना सुटणारी धातूची पट्टी) निघाली तर मशीन थांबवून आकड्याने काढायची. 25 मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) रॉडला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने हिशोबाने 380 आरपीएम (मिनिटाला फेरे) येतात. मुलांना मी 250 वरच ठेवतो.

मोटर 1 एचपी, सिंगल फेज. लाइट परत आल्यावर बटण दाबल्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून नो-व्होल्ट कॉइलचा (वीज गेली की स्वतःच सुटणारा) डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) पुरेल ना? तातडीने बंद करायचं लाल मशरूम बटण हेडस्टॉकवर (चक असलेल्या टोकाला) बरं की पायाशी? आणि चक गार्ड (चकवरचं झाकण) उघडला की मोटर बंद पडेल असा लिमिट स्विच अंबडकडे कोणी बसवून देतं का? गार्डला पॉलिकार्बोनेटच हवं ना, अ‍ॅक्रिलिक तडकेल असं वाटतं.

तोवर मशीनचा फ्यूज माझ्या खिशात आहे.