हायलायटरने झाकलेला नंबर दिसतो

बी ४०२: मेंटेनन्स भरल्याचे स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना खाते क्रमांक कृपया फोनमधल्या हायलायटरने झाकू नका. हायलायटरची शाई पारदर्शक असते, खालचं अक्षर दिसू देणं हेच तिचं काम. काळा रंग घेऊन तीन-चार वेळा फिरवला की डोळ्यांना पूर्ण काळं वाटतं, पण तेच चित्र फोटो एडिटरमध्ये उघडून ब्राइटनेस आणि एक्स्पोजर वर नेलं की आकडे पुन्हा उमटतात.

ए १०३: मग साधं पेन चालेल का?

बी ४०२: चालेल, ओपॅसिटी म्हणजे रंगाचा अपारदर्शकपणा शंभरवर असेल तर. पण चौकोन जास्त भरवशाचा. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबून सोडा. डावीकडे खाली छोटं चित्र आलं तर त्यावर टॅप करा. अधिकच्या (+) चिन्हातून चौकोन घ्या, आतून भरलेला प्रकार निवडा, रंग काळा. चौकोन आधी नुसत्या कडेचा येतो, तो तसाच राहिला तर काहीच झाकलं जात नाही.

सी ७०१: अँड्रॉइडला पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण. तिथला एडिटर कंपनीप्रमाणे बदलतो, बऱ्याच फोनमध्ये चौकोन नसतोच. मग पेन सर्वांत जाड करा आणि चित्र दोन बोटांनी मोठं करून रेघ ओढा. लहान आकारात ओढलेल्या रेघेतून पहिल्या आणि शेवटच्या आकड्याची कड हमखास बाहेर राहते.

ए १०३: ब्लर केलं तर? दिसायला नीटनेटकं वाटतं.

डी ५०४: आकड्यांवर ब्लर नको ताई, चौकड्या पाडणारं पिक्सलेटही नको. अंक दहाच आणि ॲपचा फॉन्ट ठरलेला. शून्य ते नऊ त्याच आकारात लिहायचे, तसेच पिक्सलेट करायचे आणि कोणता जुळतो ते बघायचं. हे आपोआप करणारी साधनं कोणालाही मोफत मिळतात. मागे गर्दी किंवा भिंतीवरची चित्रं असतील तिथे ब्लर ठीक आहे, नंबर, ओटीपी आणि ईमेलला एकरंगी चौकोनच.

डी ५०४: क्यूआर कोडचंही तेच. मधोमध एक फुली मारून भागत नाही. कोडमध्ये चूक दुरुस्त करून घेण्याची सोय असते, तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. झाकायचा तर अख्खा झाका.

ए ६०२: झाकण्यापेक्षा क्रॉप करून टाकलेलं बरं ना?

डी ५०४: हो काका, नको ते चित्रातच नसलं तर प्रश्नच मिटतो. फक्त सॉफ्टवेअर अद्ययावत हवं. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनच्या मार्कअपमध्ये, म्हणजे स्क्रीनशॉट कापायच्या आणि त्यावर खुणा करायच्या साधनात, आणि लगोलग विंडोजच्या तशाच स्निपिंग टूलमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली. कापलेलं चित्र जुन्या फाइलवरच लिहिलं जायचं, पण नवीन चित्र लहान असल्यामुळे जुन्या फाइलचं शेपूट मागे शिल्लक राहायचं. त्यातून कापून टाकलेला भाग परत काढता येत होता. दुरुस्ती आलेली आहे, पण त्याआधी कापलेल्या फायली आपोआप सुधारत नाहीत. जुना स्क्रीनशॉट पुन्हा पाठवायचा असेल तर तो पडद्यावर उघडून नव्याने स्क्रीनशॉट घ्या.

सी ७०१: लॅपटॉपवाल्यांसाठी महत्त्वाचं. विंडोज ११ मध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की निवडलेला भाग पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप सेव्ह होतो. ही प्रत खुणा करण्याआधीची असते! तुम्ही स्निपिंग टूलमध्ये नंबर झाकता, खिडकी बंद करता, मग फोल्डरमधून फाइल जोडता आणि उघडा नंबर सगळ्यांकडे जातो. खुणा झाल्यावर वेगळं सेव्ह करा किंवा टूलमधलंच कॉपी दाबून थेट चॅटमध्ये पेस्ट करा. त्यातच मजकूर ओळखून फोन नंबर आणि ईमेल एका फटक्यात झाकायची सोयही आहे, पण ती खाते क्रमांक झाकेल असं धरून चालू नका.

ए ६०२: मॅकवर?

सी ७०१: कमांड, शिफ्ट आणि ४, मग माउसने ओढा. उजवीकडे खाली येणाऱ्या छोट्या चित्रावर क्लिक केलं की मार्कअप उघडतं.

बी २०५: माझा प्रश्न उलटा आहे. लाल पेनाने लिहिलेली बारीक अक्षरं इथे पोचेपर्यंत फाटल्यासारखी का दिसतात?

डी ५०४: व्हॉट्सॲप फोटो जेपेग या फाइल प्रकारात दाबून, म्हणजे फाइल लहान करून पाठवतं. त्या पद्धतीत उजेड-अंधाराचा तपशील बराचसा टिकतो, रंगाचा तपशील मात्र कमी ठेवला जातो. लाल बारीक रेघ म्हणजे बहुतांशी रंगच, म्हणून ती आधी पसरते. अक्षरं मोठी घ्या, पांढऱ्या पट्टीवर काळी लिहा, बाण जाड काढा. पाठवताना एचडी निवडा. अख्खं बिल वाचायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, मग ते दाबलं जात नाही. मात्र काही फोनवर फाइलच्या नावातच तारीख, वेळ आणि ॲपचं नाव येतं, आणि डॉक्युमेंटबरोबर ते नाव सगळ्यांना दिसतं. आधी नाव बदला.

बी ४०२: तक्रारीच्या स्क्रीनशॉटमध्ये एकच बाण पुरे. पाच ठिकाणी गोल केले की नेमकं काय चुकलंय ते आम्हाला परत विचारावं लागतं. पायऱ्या दाखवायच्या असतील तर गोलात १, २, ३ लिहा आणि वरची वेळ कापू नका, नोंद शोधायला तीच लागते.

ए १०३: आधी टाकलेल्यांचं काय करायचं?

बी ४०२: मेसेज दाबून धरा आणि सर्वांसाठी डिलीट करा, पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. कोणी आधीच फोनमध्ये सेव्ह केला असेल तर तो तिथे राहतो. कालपासूनचे ज्यांचे आहेत त्यांनी आजच काढा, अडलं तर मला सांगा, मी अॅडमिन म्हणून काढतो.