मदत हवी आहे: उजनीत मिळालेला बिनखवल्याचा चंदेरी मासा सिलोनिया असेल का?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय. केत्तूरकडं उजनीच्या बॅकवॉटरला ओळखीचे एक काका मासेमारी करतात, त्यांच्या जाळ्यात परवा चिलापीच्या (तिलापिया, बाहेरून आणलेला मासा) ढिगात एक वेगळाच मासा आला, पण मला व्हॉट्सॲपवर फोटो येईपर्यंत तो लिलावात विकून कुणाच्या कालवणात गेलासुद्धा. फोटो एकच आणि तोही हललेला. खवले नाहीत, अंग चंदेरी, तोंड भलतंच रुंद, आत दात दिसतायत, मिशा असून नसल्यासारख्या. काकांचं म्हणणं पंगास (पाळतात तो बिनखवल्याचा मासा) असंल, कुणाच्यातरी शेततळ्यातनं सुटलेला. मला ते पटत नाही, मला सिलोनिया चिल्ड्रेनी वाटतोय.

हा मासा आपल्या दख्खनच्या नद्यांमधलाच, दुसऱ्या माशांवर जगणारा, आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष होण्याच्या धोक्यात, आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली याचं वर्णन छापलं ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. तेच पाणी पुढं भीमेतून उजनीत येतं, फक्त आता सोबत पुण्याचं सांडपाणी घेऊन, उन्हाळ्यात बॅकवॉटर हिरवंगार झालेलं बघितलं असंलच तुम्ही.

धरण १९८० ला झालं तेव्हापासून पावसात खालून वर चढणाऱ्या माशांची वाट बंद, खाली पंढरपूर ते टाकळी उन्हाळ्यात पाणी सोडलं तर नदी नाहीतर नुसते डोह, त्यात वाळूचा उपसा. आणि जाळ्यात बघावं तर चिलापीच चिलापी. तिच्यावर घरं चालतात हे खरंय, त्यामुळं कोळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, जुना मासा आला काय न् गेला काय, लिलावात किलोवरच जातो.

तर विचारायचं असं की पुन्हा सापडला तर फोटो नेमका कशाकशाचा घ्यायला सांगू? दात, मिशा आणि शेपटीकडचा खालचा लांब पर एवढं पुरेल का? जिवंत असला तर सोडून द्यायला सांगायचं की मेलेला असेल तर बर्फात ठेवून पुण्याला झेडएसआयच्या (भारतीय प्राणी सर्वेक्षण) ऑफिसात नेला तर ते घेतात? कुणी असा मासा तिथं दिलाय का? आणि काकांचं त्या माशाचं नुकसान आम्ही दोघंतिघं मिळून भरून देऊ, पण किती द्यावं, कारण जास्त दिले तर मुद्दाम पकडायला लागतील अशी भीती वाटते.