मदत हवी आहे: हार्ड डिस्क बदलल्यापासून पीएस३ वर विकत घेतलेले गेम लायसन्स मागताहेत

नमस्कार मंडळी,

सुपर स्लिम पीएस३ (सोनीचा प्लेस्टेशन ३) आहे, हेन टाकलेला (सोनीची मान्यता नसलेले प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर, रीस्टार्टनंतर ते पुन्हा चालू करावं लागतं). जुनी हार्ड डिस्क खडखडायला लागली म्हणून नवी अडीच इंची साटा डिस्क बसवली. गेमच्या पॅकेज फाइल पेनड्राइव्हवर होत्या, त्यावरून गेम पुन्हा इन्स्टॉल केले. इन्स्टॉल नीट झाले, पण आयकॉनवर कुलूप येतंय आणि गेम उघडला की लायसन्सचं नूतनीकरण करा असा संदेश येतो. ब्लू-रे डिस्कवरचे गेम मस्त चालताहेत, म्हणजे मशीन ठीक आहे.

हे सगळे गेम माझ्याच खात्यावरून पैसे मोजून घेतलेत. त्यामुळे कृपया कुणी रॅप फाइल (दुसऱ्याच्या खरेदीतून काढलेलं लायसन्स) पाठवू नका, मला माझंच लायसन्स परत हवंय.

मला कळलंय ते असं: यूजरच्या एक्सडेटा फोल्डरमध्ये ॲक्ट.डॅट असते, ती खात्याची त्या मशीनवरची ॲक्टिव्हेशन. शेजारी प्रत्येक गेमची वेगळी रिफ फाइल, म्हणजे त्या गेमचं लायसन्स. दोन्ही असतील तर विकत घेतलेला गेम हेन चालू न करताही उघडतो. नव्या डिस्कवर दोन्ही नाहीत, म्हणून डेटाबेस रीबिल्ड करूनही काही फरक पडला नाही. जुनी डिस्क संगणकाला जोडून उपयोग नाही, ती मशीनच्या किल्लीनेच एन्क्रिप्ट झालेली असते.

म्हणजे खात्यात साइन इन करून सिस्टीम ॲक्टिव्हेट करायची आणि डाउनलोड लिस्टमधून गेम घ्यायचे, हाच सरळ मार्ग. पण काही ठिकाणी अडलोय.

सगळ्यात मोठी भीती बॅनची, म्हणजे हेन दिसला म्हणून सोनीने खातं बंद करण्याची. मशीन रीस्टार्ट करून, हेन चालू न करता साइन इन केलं तर पुरेसं आहे का? की हेन पूर्ण काढून टाकावा? खातं गेलं तर सगळी खरेदी गेली, म्हणून इथे अंदाजाने काही करायचं नाहीये.

दुसरं, नोव्हेंबर २०११ पासून एका खात्यावर गेमसाठी दोनच पीएस३ ॲक्टिव्ह ठेवता येतात. आधीचा जाड पीएस३ मावसभावाला दिलाय, तो अजून यादीत असणार. वेबसाइटवरून सगळी मशीन एकदम डीॲक्टिव्हेट करता येतात, पण तेही सहा महिन्यांतून एकदाच. ते आधी करू की जागा आहे का ते बघून?

डाउनलोड लिस्टमधला गेम पूर्ण उतरवावाच लागतो का, की डाउनलोड सुरू होताच रिफ येते? माझं नेट बेताचंच आहे आणि काही गेम दहा जीबीच्या वर आहेत.

शिवाय रोज तारीख मागे जाते, म्हणजे आतला सीआर२०३२ सेल संपलाय. लायसन्स तपासताना घड्याळ बघितलं जातं म्हणतात, तेव्हा सेल आधी बदलून घ्यावा ना?

२०२१ मध्ये पीएस३ चं स्टोअर बंद करण्याची घोषणा झाली होती, एप्रिलमध्ये ती मागे घेतली. पुन्हा तशी वेळ यायच्या आत हे सगळं उतरवून दोन्ही फाइलींचा बॅकअप घ्यायचाय. हेन असलेल्या मशीनवर हे स्वतः केलेल्यांनी कृपया क्रम सांगा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू आहे, त्यामुळे पीएस३ वर नेहमीच्या पासवर्डऐवजी लागणारा डिव्हाइस सेटअप पासवर्ड मी काढून ठेवलाय.