'ययाति' पुन्हा वाचताना जुन्या रेघा हव्यात की नकोत?

गोदाकाठ: खांडेकरांची 'ययाति' ही कादंबरी (१९५९) वीस वर्षांनी पुन्हा वाचायची असेल तर रेघा मारलेली जुनी प्रत कपाटातच राहू द्या. सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) दुसरी आणा. डोळा आधी रेघेवर जातो आणि मधली पानं नुसती उलटली जातात.

पंचवटीकर: अजिबात पटत नाही. रेघ हाच पुरावा! नाहीतर आजची समज आपण तेव्हाच्या वाचनावर लादतो. पुस्तक उघडण्याआधी पाच ओळी लिहा: शेवट काय, कच कोण, शर्मिष्ठेचं काय होतं. मग रेघा बघा आणि प्रत्येकीसमोर पेन्सिलीने निवेदकाचं अक्षर टाका: य, दे, श. कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून येते, हे विसरून रेघा मारल्या जातात. सुखाबद्दलचं एखादं देखणं वाक्य खांडेकरांचं मत म्हणून वहीत उतरतं. प्रत्यक्षात ययाति तिथे स्वतःचा बचाव करत असतो.

गोदाकाठ: अक्षरांची युक्ती छान, पण ती कोऱ्या प्रतीतही चालते. शैली सुभाषितांची, त्यामुळे ओळ सुटी निघते आणि प्रसंग मागे राहतो. संयमाची बाजू मांडणाऱ्या कचाला तर स्वतःचा भागच नाही. तिघांच्या निवेदनातला कच जोडून पाहिल्याशिवाय संयमाची बाजू किती भक्कम आहे ते कळत नाही.

रामकुंड: दोघांनीही मूळ कथा सोडली. आधी महाभारताच्या आदिपर्वातलं ययाति-उपाख्यान वाचा. तिथे राजा आपल्या मुलाचं, पुरूचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोग घेतो आणि मग 'न जातु कामः कामानामुपभोगेन शाम्यति' (भोगाने वासना कधीच शमत नाही) म्हणतो. कच संजीवनी विद्या घेऊन देवलोकी गेला की ययातीच्या गोष्टीत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला का थांबवून घेतलं, हा प्रश्न घेऊनच दुसरं वाचन सुरू व्हायला हवं.

पंचवटीकर: उपाख्यान नंतर. आधी वाचलं की पानोपानी 'हे मुळात नाही' असा हिशेब सुरू होतो, आणि देवयानीचं म्हणणं कुणी नीट ऐकून घेत नाही. तिच्या रागाला कादंबरीने दिलेली कारणं तिच्याच तोंडून, सलग ऐकायला हवीत.

गोदाकाठ: हे मान्य. वाचनालयाच्या प्रतीवर मात्र पेन्सिलही नको. चिठ्ठीवर पान आणि अक्षर लिहा. जुनी प्रत शेवटचं पान संपल्यावर उघडा आणि चिठ्ठ्या तिच्यातल्या रेघांशी ताडून बघा.

पंचवटीकर: चालेल, पण त्या पाच ओळी आधीच लिहायच्या. त्यात सूट नाही.