हिरकणीवर भाषण करायचंय पण नुसते आईचे गोडवे गायचे नाहीयेत, काय बोलू?

सुरंगी
नमस्कार सगळ्यांना. मी दापोली तालुक्यात एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. पुढच्या शुक्रवारी माता-पालक मेळावा आहे आणि भाषण माझ्यावर आलंय, कारण काय तर तू आत्ताच आई झालीयेस, तुला छान बोलता येईल. विषय हिरकणी. वेळ उरला तर श्यामची आई पण घ्या म्हणाले, पालगड आमच्याच तालुक्यातलं ना.

अडचण अशी की मी बाहेरून स्त्री-अभ्यासाचा कोर्स करतेय, पोरगी झोपली की रात्री वाचत बसते. त्यात एड्रियन रिच या अमेरिकन कवयित्रीबद्दल आलं, तिला स्वतःला तीन मुलगे होते आणि तिने १९७६ साली लिहिलं की आईपण म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक बाईचं आपल्या मुलाशी जे काही असतं ते आणि दुसरी त्याच्याभोवती समाजाने उभी केलेली व्यवस्था, आई अशीच पाहिजे, तिने एवढं सोसलंच पाहिजे, हे सगळं. वाचताना मला रडूच फुटलं. सहा महिन्यांची रजा संपवून मी शाळेत गेले त्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर पाढे लिहिताना ब्लाऊज भिजला, पदर ओढून दोन तास काढले, छाती दगडासारखी झालेली, आणि घरी पोचले तर पोरगी वरचं दूध पिऊन झोपलेली. तेव्हापासून हिरकणी म्हटलं की मला कडा नाही आठवत, तिचा पान्हा आठवतो. त्याबद्दल त्या गोष्टीत कोणी एक अक्षर बोलत नाही.

हे वाडीतल्या बायकांसमोर कसं मांडू, की त्यांना मी आईपणाला नावं ठेवतेय असं वाटणार नाही? आणि हे सगळं बाहेरचंच आहे का, आपल्याकडे कोणी याचा विचार केलाय का?

रातांबा
सुरंगी, आधी गोष्टच परत नीट सांग, बाकी काही करू नकोस. पायथ्याच्या वाडीतली गवळण कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेली, उशीर झाला, सूर्य मावळला तसे दरवाजे बंद. पहारेकऱ्यांच्या पाया पडली, त्यांनी उघडलं नाही. मग ती बाळासाठी कडा उतरली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली, सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. आख्यायिका आहे ही, पण आपण सगळे याच गोष्टीवर वाढलो. आता बघ, गडाच्या सुरक्षेच्या दृष्टीने बुरूज बरोबरच होता, राजाने तेच करायला हवं, पण गवळणीच्या बाजूने बघितलंस तर पुढच्या वेळी उशीर झालेल्या बाईला ती वाट पण राहिली नाही. आणि अख्ख्या गोष्टीत एकदाही कोणी विचारत नाही की बाळाजवळ कोण होतं. आपण आईचं कौतुक करतो तेव्हा बहुतेक वेळा हेच होतं गं, साडीचोळी मिळते पण दरवाजाची वेळ तीच राहते.

सारा रुडिक म्हणून एक तत्त्वज्ञ होती, तिने १९८० च्या दशकात मांडलं की मूल जगवणं, वाढवणं आणि चार माणसांत वावरण्याजोगं करणं हे काम आहे, त्याला डोकं लागतं, करून करून ते येतं, आणि म्हणूनच पुरुषाला पण येऊ शकतं. मला हे सगळ्यात जास्त पटतं, कारण आपल्याकडे उलट सांगतात, आईला सगळं आपोआप कळतं, आणि मग ज्या बाईला नाही कळलं ती आयुष्यभर मनात कुढत बसते. एक आकडा पण सांग, २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि करणारा पुरुष ९७. मुलाबाळांचं, म्हाताऱ्यांचं बघण्यात बाई १३४, पुरुष ७६.

काजूगर
माझी आवस येंगुर्ल्याक काजीच्या कारखान्यात काजी फोडूक जाय. हाताक चीक लागान कातडी काळी पडा, सोलपटा निघत. घराक इली तरी धाकट्या भावाक घेवची नाय, आदी राखेन हात घासायची, मगे खोबऱ्याचा त्याल चोळायची, तवसर तो आजयेच्या मांडयेर रडत ऱ्हवायचो आणि आवस दारात उभी ऱ्हवान नुसती बघायची.

पुढचं साध्या मराठीत लिहिते, सगळ्यांना कळू दे. आम्हांला एकट्या आईने नाही वाढवलं, आजीने, शेजारच्या काकूने आणि मावशीने वाढवलं. माय मरो पण मावशी जगो ही म्हण आपली आहे, कोर्समधून नाही आलेली. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी अमेरिकेतल्या काळ्या बायकांबद्दल अगदी हेच लिहिलंय, की जन्म देणारीच्या जोडीला सांभाळणाऱ्या दुसऱ्या आया असतात आणि त्यांच्या जिवावर वस्ती उभी राहते. आणि बाबा? बाबा मुंबईला गिरणीत. १९८२ चा संप झाला तसे घरी आले आणि दोन वर्षं आमची पेज त्यांनी केली, वेण्या घातल्या, बहिणीला गोवर आला तेव्हा रात्र रात्र जागले. वाडीतले त्यांना बायलो म्हणून चिडवायचे. ते कधी उलटून बोलले नाहीत पण तिन्हीसांजेला देवळाकडे बसायला जायचं त्यांनी सोडलं. सुरंगी, हे सांग मेळाव्यात, माझ्या बाबांचं सांग.

चाकरमानी
मला हे पटत नाही, स्पष्ट बोलतो. माझ्या आईने आम्हां चौघांना एकटीने वाढवलं, कधी तक्रार केली नाही. तिच्या मायेला व्यवस्था म्हणायचं? स्त्रीवादाला मुळात आई नकोच आहे असं वाटतं वाचून.

रातांबा
दादा, तुमच्या आईच्या मायेला कोणीच व्यवस्था म्हणत नाहीये. ती एकटी का पडली, याला व्यवस्था म्हणतात. तक्रार केली नाही म्हणता, पण तिने ती करायची कोणापाशी?

आणि सुरंगी, तुझा दुसरा प्रश्न राहिला, आपल्याकडे कोणी विचार केलाय का. अगं तुझ्याच तालुक्यात. र. धों. कर्वे मुरुडचे, त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, खटले सोसले, नोकरी गेली, आणि म्हणणं एवढंच की मूल कधी आणि किती हे बाईच्या मर्जीने व्हावं. हे आई नको म्हणणं नाही, लादलेलं आईपण नको म्हणणं आहे. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, तेही इथून लांब नाही, त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या बिलाला पाठिंबा दिला, म्हणाले बाळंतपणाच्या आधी आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि १९२९ ला कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती रजा १२ आठवड्यांवरून २६ झालीये. पण घरी पोत्याने काजू आणून फोडणारी, दुसऱ्याच्या होडीची मासळी डोक्यावर घेऊन दारोदार विकणारी, तिच्यापर्यंत हे कुठे पोचलंय? तू रजा घेऊ शकलीस, तुझ्यासमोर बसणाऱ्या अर्ध्याअधिक जणींना ती कधीच नव्हती, बोलताना हे लक्षात ठेव.

खाडीकाठ
थोडं वेगळं सांगते. अर्जेंटिनात १९७७ साली लष्करी राजवट तरुण पोरं उचलून गायब करत होती, तेव्हा त्यांच्या आया ब्युनोस आयर्सच्या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी, मग दोघी-दोघी हातात हात घालून फेऱ्या मारायला लागल्या, डोक्याला पांढरा रुमाल, सुरुवातीला तो मुलांच्या लंगोटाच्या कापडाचा होता. त्याच डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींना पण उचलून नेलं. बाकीच्या चालतच राहिल्या. आई म्हणून सोसत राहायचं हे एक झालं आणि आई म्हणून जाब विचारायचा हे दुसरं, मला वाटतं मेळाव्यात हे दुसरं कधी कोणी सांगतच नाही.

सुरंगी
सगळ्यांचे खूप आभार. चाकरमानी दादा, तुमचा राग कळतोय, माझी आजी पण तुमच्या आईसारखीच होती.

मी असं ठरवलंय की हिरकणी पूर्ण सांगायची, पान्ह्यासकट, आणि मग विचारायचं की तुम्ही कामाला गेलात तेव्हा पोरगं कोणाकडे होतं, त्या माणसाचं नाव घ्या. काजूगर, तुमच्या बाबांचं नक्की सांगेन. आज मुख्याध्यापकांशी बोलून मेळाव्याची वेळ बदलून घेतली, सकाळी अकराला ठेवला होता, तेव्हा मासळीवाल्या बाजारात आणि बाकीच्या कलमांच्या बागेत असतात, मग आलं असतं कोण. आता साडेपाचला आहे. आणि निमंत्रणावर आई सोबत आजी, मावशी, बाबा जे कोणी सांभाळतात त्यांनी यावं असं लिहिलंय.

त्यामुळे आमच्या सासूबाईंना पण यायचंय, त्यांनी कालच इरकल काढून ठेवलं. मग पोरीला कोण ठेवणार हा विषय रात्री जेवताना निघाला आणि आम्ही दोघी काहीच न बोलता यांच्याकडे बघत बसलो. शुक्रवारी पाचला येतो म्हणालेत. खिमटी कशी करायची ते आज शिकवलं, पहिली करपली, दुसरी पोरीने खाल्ली.