चर्चासत्राला निबंध पाठवायचा आहे: निवड, सारांश, फॉन्ट, शुल्क

शोधार्थी_डोंबिवली
नमस्कार. मी मराठीत पीएच.डी. करतेय, दुसरं वर्ष. परिषदांचा हंगाम सुरू झाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीपत्रकांची रीघ लागली. त्यातली दोन बाजूला काढलीत. एक म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातलं दोन दिवसांचं राष्ट्रीय चर्चासत्र: आधी ३०० शब्दांचा सारांश, निवड झाली तर पूर्ण निबंध. दुसरी ऑनलाइन 'आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद': कुठलाही विषय चालतो, आठवड्यात प्रकाशनाची हमी, पत्रकावर 'यूजीसी केअर' (विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी) ठळक अक्षरांत. माझा विषय लालबावटा कलापथकाची लोकनाट्यं. कुठे पाठवू? सारांशात नेमकं काय हवं? लेखन सगळं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये आहे, चालेल का?

चर्चासत्र_समन्वय
ऑनलाइनवाली सोडून द्या. यूजीसीने केअर यादीच बंद केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तशी जाहीर सूचना निघाली. आताच्या पत्रकावर तो शिक्का असेल तर आयोजकांना नियम ठाऊक नाहीत, नाहीतर तुम्हाला ठाऊक नसतील असं ते धरून चाललेत. शिवाय आठवड्यात छापायचं म्हटल्यावर निबंध तज्ज्ञाकडून तपासून घ्यायला वेळच उरत नाही. अशा पत्रकांवर मिरवला जाणारा आयएसएसएन हा नियतकालिकाच्या नोंदणीचा आठ अंकी क्रमांक, आयएसबीएन पुस्तकाचा तेरा अंकी. दोन्हींचा दर्जाशी संबंध नाही. आयएसएसएनच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नियतकालिकाचं नाव जुळतं का तेवढं जरूर बघा. भलत्याच नियतकालिकाचा क्रमांक चिकटवल्याचे प्रकार होतात.

सारांशाचं म्हणाल, तर 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' इथून सुरुवात केली की पहिल्या ओळीतच समितीचं लक्ष उडतं. ३०० शब्दांत चार गोष्टी बसवायच्या: प्रश्न काय, कोणती साधनं तपासली, कशी तपासली, हाती काय लागलं. पार्श्वभूमीला दोन वाक्यं पुरेत. तुमच्या विषयात 'अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभं केलेलं पथक' एवढं म्हटलं की ती संपली. लगेच प्रश्नावर या. उदाहरणार्थ: 'तमाशातला गण, गौळण आणि वग यांपैकी लोकनाट्याने काय ठेवलं, काय टाकलं आणि गणात वंदन कोणाला केलं?' हा प्रश्न संहितेवर बोट ठेवून तपासता येतो. 'लोकनाट्यांतील सामाजिक जाणीव : एक अभ्यास' या शीर्षकात तपासण्यासारखं काहीच नाही.

किती संहिता घेतल्या त्यांची संख्या लिहा. निष्कर्ष अजून कच्चा असेल तरी तो एका वाक्यात लिहाच. 'निष्कर्ष निबंधात मांडले जातील' असं लिहिलेला सारांश बहुतेकदा मागे पडतो, कारण काम झालंय की नाही हे समितीला कळत नाही.

युनिकोड_मदत
श्रीलिपीतली फाइल पाठवू नका. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हंच दिसतात. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर साम्य (म्हणजे दुसरीकडून उचललेलं लेखन) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळे अहवालात आलेल्या शून्य टक्क्याला काही अर्थ नसतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. तो आकडा खरा हवा असेल तर मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा प्रमाण पद्धतीत.

श्रीलिपीचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढलंत तरी एकदा डोळ्यांखालून घाला. हमखास बिघडतात त्या जागा: ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर सरकतो, 'दुसऱ्या'मधला ऱ्य तुटतो आणि जोडाक्षरात पाय मोडलेला दिसतो. 'शोधा' वापरून र्, ऱ् आणि ि यांच्या जागा तपासल्या की निम्म्याहून जास्त चुका हाती लागतात. संदर्भांतले इंग्रजी शब्द आणि अंक कन्व्हर्टरमध्ये टाकायचे नाहीत, त्यांचा पार चुथडा होतो. ते बाजूला ठेवा, नंतर परत घाला.

शेवटी वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. नुसती पीडीएफ दिली तर संपादकांना मजकूर उचलताना काना-मात्रा विस्कटलेल्या मिळतात.

शोधार्थी_डोंबिवली
खूप आभार, कलिन्यालाच पाठवते. वाचायला १२ मिनिटं आहेत आणि निबंध ३००० शब्दांचा होतोय. शुल्क आत्ताच भरून ठेवू का?

चर्चासत्र_समन्वय
स्वीकृतीचा मेल आल्याशिवाय भरू नका, एकदा भरलेलं शुल्क सहसा परत मिळत नाही. खातं विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या नावावर आहे ना ते बघा. व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी निमंत्रकांना फोन करा. शोधार्थी सवलतीसाठी बोनाफाइड (विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र) लागतं, ते विभागाकडून आधीच काढून ठेवा. यूपीआयने भरलंत तर १२ अंकी व्यवहार क्रमांक अर्जात टाइप करा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून नोंद जुळवताना कार्यालयाचा जीव जातो आणि तुमचं नाव मागे राहतं.

वाचनासाठी वेगळी प्रत करा. मिनिटाला ११०-१२० शब्द धरले तर १२ मिनिटांत साधारण १३०० ते १४०० शब्द होतात, पण ११०० वरच थांबा. आदला वक्ता लांबला की सत्राध्यक्ष तुमचीच दोन मिनिटं कापतात. ३००० शब्दांतून परिच्छेद गाळत बसू नका. एकच संहिता निवडा आणि तिच्यातला एक उतारा पूर्ण वाचून दाखवा. प्रश्न त्यावरच येतात, आणि पुढे प्रबंधात उपयोगी पडतात तेही हेच प्रश्न. स्लाइड केल्यात तर पॉवरपॉइंटमध्ये सेव्ह करताना फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच बसवा, जोडीला पीडीएफही ठेवा.

पत्रकावर नुसतं 'मुंबई विद्यापीठ' असेल तर फोर्ट की कलिना हे विचारून घ्या. फोर्टचं राजाबाई टॉवरचं आवार वेगळं, कलिन्याची विद्यानगरी वेगळी. कलिन्यासाठी कुर्ल्याला उतरून पश्चिमेला या. सकाळी बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) कार्यालयांच्या गर्दीमुळे तिथे रिक्षाला रांग असते, नोंदणीच्या वेळेआधी निदान अर्धा तास हाताशी ठेवा.

आणखी एक. प्रमाणपत्रावरचं नाव आणि शीर्षक नोंदणी अर्जातून जसंच्या तसं उचललं जातं. सारांशानंतर शीर्षक बदललंत तर तसा मेल करून अर्जातही बदलून घ्या.